हातभर घड्याळं

सकाळी आठच्या सुमाराला पैठण रस्त्याजवळच्या सातारा परिसरातल्या औताडेंच्या बंगल्यात कुणी डोकावलं असतं, तर त्याला हसू आवरलं नसतं. आवडाबाई ओट्यापाशी उभी राहून ज्वारीची भाकरी थापतेय आणि तिच्या दोन्ही हातांवर, बांगड्यांच्या वर, पार कोपरापर्यंत घड्याळं! डाव्या हातावर तीन, उजव्यावर दोन. सगळी पुरुषी, जड, स्टीलच्या पट्ट्यांची. एकेका घड्याळाच्या किमतीत वाळूजच्या कारखान्यातल्या कामगाराचा वर्षाचा पगार बसावा. आणि बाई त्यांच्यासकट परातीत थापट्या मारतेय, पीठ उडतंय, पट्ट्यांच्या कड्यांत जाऊन बसतंय.

याला कारण होतं. त्या घड्याळांना सेल नव्हता. हात हलला की आतलं चाक फिरायचं आणि घड्याळ चालायचं. दोन दिवस कुणी हातात घातलं नाही की मुकाट बंद पडायचं. घड्याळं होती अकरा, आणि त्यांच्या मालकाला, म्हणजे आवडाबाईच्या नवऱ्याला, देवानं हात दिले होते दोनच. तेव्हा रोज सकाळी पाळीपाळीनं पाच घड्याळं बायकोच्या हातावर चढवायची आणि घरकामात ती चालती ठेवायची, असा त्या घरातला रिवाजच पडून गेला होता.

"शौक तुमचा अन् घाण्याला मी," आवडाबाई म्हणायची. पण हे नुसतं म्हणायचं म्हणून. एखादं घड्याळ बंद पडलेलं दिसलं की तिलाच चुटपुट लागायची. "ह्ये काल उपाशी ऱ्हायलं का वो?" असं विचारून ती ते आधी हातावर चढवायची.

पुंजाराम औताडे मूळचा बिडकीनकडचा. कारखान्यांसाठी जमीन गेली, मोबदला आला, आणि भावकीतल्या लोकांनी आपापल्या अकलेप्रमाणं तो वापरला. कुणी मोठी गाडी घेतली, कुणी प्लॉट घेतले, कुणी पोराला हॉटेल काढून दिलं आणि पोरानं ते वर्षात बसवलं. पुंजारामनं शहरात बंगला बांधला आणि मग सिटी चौकातल्या कैसर उस्तादचं घड्याळाचं दुकान गाठलं. उस्ताद जुन्या माणसांची जुनी स्विस घड्याळं मुंबई-हैदराबादहून आणून द्यायचा. पण पुंजारामची एक अट असायची. घड्याळात एकापेक्षा जास्त मुलखांची वेळ दिसली पाहिजे. नुसतं सोन्याचं घड्याळ समोर ठेवलं तरी तो त्याकडं बघायचा नाही.

लोक टिंगल करायचेच. तिरुपतीच्या पलीकडं न गेलेला माणूस, आणि मनगटावर तीन देशांचा कारभार! पुंजाराम हसून घालवायचा. "एका किमतीत दोन-दोन येळा मिळत्यात, सोडू कशाला?" म्हणायचा. एका घड्याळाच्या कडेनं चोवीस शहरांची नावं छापलेली होती, ते तो पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचा. त्यात कराची होती, ढाका होतं, मधला आपला देश तेवढा गायब. आपला साडेपाच तासांचा हिशोब त्या घड्याळात बसतच नव्हता. पाहुणे हसले की पुंजारामही हसायचा आणि घड्याळ काढून कपाटात ठेवायचा.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते ऐकून कुणी हसलं नसतं.

पुंजारामला एकुलती एक मुलगी होती, प्रेरणा. हुशार पोरगी. दहावीला पहिल्या वर्गात आली तेव्हा बापानं याच कैसर उस्तादकडून तिला किल्लीचं लेडीज एचएमटी घेऊन दिलं होतं. इंजिनिअर झाल्यावर तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. भावकी जमली. थोरले चुलतभाऊ आप्पासाहेब पुढं झाले. पुंजारामनं डोक्यात राख घालून घेतली आणि विहिरीवर जाऊन जित्या पोरीच्या नावानं अंघोळ केली. ओल्या धोतरानं घरात येऊन बायकोला बजावलं, "ह्या घरात तिचं नाव निघालं, तर माझं मेल्यालं तोंड बघशील."

आवडाबाईनं ते पाळलं. नऊ वर्षं त्या घरात ते नाव निघालं नाही. गंमत अशी की शपथ घातली बायकोला आणि अडकला स्वतः. वर्षभरानं कटिंगच्या दुकानात त्याच्या कानावर आलं, की औताडेंची पोरगी फॉरेनला गेली. कुठल्या देशात? विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे नाव घ्यायला हवं, निदान 'माझी पोरगी' एवढं तरी म्हणायला हवं. तो अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आला होता.

त्याच महिन्यात पहिलं घड्याळ आलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकाचा जादा काटा त्यानं वेगळ्या देशावर लावला. अकरा घड्याळं म्हणजे निम्मं जग होतं. कुठल्या ना कुठल्या काट्याखाली ती असणारच, एवढाच त्याचा हिशोब. सकाळी कपाट उघडून तो बघत बसायचा. इथं तिची सकाळ असंल, इथं झोपली असंल, इथं कामावरनं येत असंल. बापाच्या काळजाची ही रीत वेडीच म्हणायची, पण त्याला दुसरी येत नव्हती.

आवडाबाई हे सगळं ओळखून होती. बोलली फक्त एकदाच. निळ्या तबकडीचं एक घड्याळ आलं होतं. त्याचे नेहमीचे काटे आपली वेळ दाखवायचे आणि एक पिवळा काटा चोवीस तासांत एक फेरी मारून दुसऱ्या मुलखाची वेळ दाखवायचा. पुंजाराम तो काटा अर्ध्या तासाच्या फरकानं का होईना, अमेरिकेवर फिरवायला लागला तशी ती म्हणाली, "ह्याचा काटा ऱ्हाऊ द्या इथंच. एकानं तरी घरची येळ दाखवाया पायजे." तो काटा इथल्याच वेळेवर राहिला. ते निळं घड्याळ आवडाबाईचं लाडकं झालं. पाळी कुणाचीही असो, ते रोज तिच्या डाव्या हातावर, बांगड्यांना लागून असायचंच.

मग एका कार्तिकात आवडाबाई गेली. सकाळी भाकरी थापता थापता ओट्यापाशीच कोसळली. तव्यावरची भाकरी जळाली, त्या वासानं पुंजाराम आत आला. तिचे हात मनगटापर्यंत पिठानं भरलेले होते आणि पाचही घड्याळं चालू होती.

दहाव्याला पैठणला घाटावर पिंड ठेवला. कावळे जमले, पलीकडच्या भिंतीवर ओळीनं बसले. एकही खाली उतरेना. अशा वेळी गेलेल्या माणसाचं मागं काय राहिलं असेल ते ओळखून जवळचा माणूस पुढं होतो आणि मोठ्यानं शब्द देतो. लोक एकेक करून पुढं झाले. बंगल्याला तुझं नाव देऊ म्हणाले, तुझ्या नावानं अन्नदान करू म्हणाले. कावळे बसून राहिले. तास झाला, ऊन चढलं. शेवटी आवडाबाईचा धाकटा भाऊ साहेबराव सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, उगं का लोकांचा अन् पाखरांचा खोळंबा करता? पोरीचं नाव घ्या. तिला घरात घेतो म्हणा. कावळा शिवतो का नाय बघा."

पुंजाराम पिंडासमोर उभा राहिला. समोर भावकी, आप्पासाहेब, सगळे बघत होते. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जीभ रेटलीच नाही. दोन वाजले तेव्हा गुरुजींनी निमूट दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि सगळे जेवायला उठले. पुंजारामला त्या जेवणाची चव आयुष्यात विसरता येणार नव्हती.

घरी येऊन त्यानं अकराही घड्याळं कपाटात ठेवली. आता ती घालणार कोण? दोन दिवसांनी सकाळी आठला कपाट उघडलं तेव्हा दहा घड्याळं केव्हाचीच बंद पडलेली होती. निळं चालू होतं.

त्यानं ते उचललं आणि हातातून टाकलंच. घड्याळाची पाठ कोमट होती. नुकतंच कुणी मनगटावरून उतरवून ठेवावं, तितकी कोमट. आणि पट्ट्याच्या कड्यांत पांढरं पीठ होतं. जुनं, वाळून धरलेलं नव्हे. बोटाला लागलं, फुंकरीनं उडालं. घरात ज्वारीचं पीठ नव्हतं. आवडाबाईमागं डबा शिल्लक होता तो साहेबरावची बायको घेऊन गेली होती, आणि पुंजारामला जेवणाचा डबा बाहेरून यायचा.

मग त्याचं लक्ष पिवळ्या काट्याकडं गेलं. तो इथल्या वेळेवर नव्हता. साडेपाच तास मागं होता.

माणूस घाबरला की आधी स्वतःलाच वेड्यात काढतो. आपणच झोपेत घातलं असंल, आपणच काटा फिरवला असंल, असं पुंजारामनं मनाला समजावलं. घड्याळ लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडलं. कोमट. पीठ. साडेपाच तास मागं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यानं ते रुमालात गुंडाळलं आणि सिटी चौक गाठला.

कैसर उस्ताद हा साठीचा, पान खाणारा, जगातल्या कुठल्याच घड्याळाला न भिणारा माणूस. त्यानं भिंग डोळ्याला लावून पाठ उघडली, बराच वेळ बघितलं, मग भिंग काढलं.

"अण्णा, ये पीला काटा आधे पे ठैरताच नै," तो म्हणाला. "इसके चाक कू दात हैं, एकेक घंटे का एकेक दात. पाच घंटे पीछे करो, छे घंटे पीछे करो. साडेपाच पे कैसा ठैरेगा?"

"ठैरलाय की," पुंजाराम म्हणाला.

उस्तादनं किल्ली ओढून काटा फिरवला. टक, टक, टक, तासातासानं काटा सरकला आणि आपल्या वेळेवर आला. "देखो," म्हणून त्यानं घड्याळ काचेवर ठेवलं आणि चहा सांगितला. चहा आला तेव्हा पिवळा काटा पुन्हा साडेपाच तास मागं, दोन दातांच्या बरोबर मधोमध उभा होता. त्याला सरकताना दोघांपैकी कुणी पाहिलं नव्हतं.

उस्तादनं पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं. "ये किसके हात में रैती?"

"कुणाच्याच नाय."

"झूट नक्को बोलो अण्णा. आटा ताजा है." त्यानं पाठ बसवली, घड्याळ रुमालात गुंडाळून परत दिलं आणि हात मागं घेतले. "घरकू लेके जाओ. मेरे कने नक्को."

पुंजारामनं परत येताना ते कायगावच्या पुलावरून गोदावरीत सोडायचं ठरवलं आणि मोटारसायकल तिकडं वळवलीसुद्धा. पण पुलावर उभं राहून रुमाल हातात घेतला तर आतलं घड्याळ कोमट लागलं. ते पाण्यात टाकायचा धीर झाला नाही. कसा होणार? तेहतीस वर्षं जिचा हात धरला, तिचाच तो हात होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

हिवाळा तसाच गेला. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुंजारामनं घड्याळ बघितलं आणि खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा बघितलं. काटा तासभर पुढं सरकला होता. आता फरक साडेचार तासांचा होता. आठवडाभर तो तिथंच राहिला तेव्हा पुंजाराम शेजारच्या व्यंकटरावांकडं गेला. व्यंकटराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, पोटात काही न ठेवणारे गृहस्थ.

"साहेब, एक विचारू का? आधी आपल्या साडेपाच तास मागं अन् आता साडेचार, असा कोणता देश हाय का?"

"आहे की! इंग्लंड," व्यंकटराव म्हणाले. "मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं तासभर पुढे करतात, ऑक्टोबरात पुन्हा मागे. आमचा मंदार तिथेच आहे ना. मी तर हिवाळ्यात सोपी युक्ती करतो." त्यांनी हातातलं घड्याळ काढून उलटं धरलं, बाराचा आकडा खाली, सहाचा वर. "हिवाळ्यात आपलं काट्याचं घड्याळ असं उलटं धरलं, की तिकडची वेळ दिसते. साडेपाच तासांचा फरक आपोआप पडतो. दोन घड्याळं लागतातच कशाला?"

पुंजाराम बघतच राहिला. अकरा घड्याळं, इतकी वर्षं. आणि उत्तर एक साधं घड्याळ उलटं धरण्याइतकं जवळ होतं.

"का हो औताडे, तिकडे कोणी आहे का तुमचं?" व्यंकटरावांनी विचारलं आणि ते थांबले. त्यांना माहीत होतं. सगळ्या कॉलनीला माहीत होतं. नाव पुंजारामच्या गळ्यापर्यंत आलं.

"नाय," तो म्हणाला. "सहज."

घरी येऊन त्यानं कपाळ बडवून घेतलं. पण त्या दिवसापासून भीती ओसरायला लागली. बायको सांगत होती. जितेपणी जिला बोलू दिलं नाही, ती मेल्यावर काट्यानं बोलत होती. आपल्याकडं दुपारचा साडेअकराचा सुमार झाला की तिकडं सात वाजतात, पोरगी उठली असंल, म्हणून तो त्या वेळी आपला दुसरा चहा करून प्यायला लागला. रोज आठला कपाट उघडायचा, घड्याळाच्या कोमट पाठीवर अंगठा ठेवायचा, "आवडे, बरी हायेस नव्हं?" विचारायचा. उत्तर यायचं नाही, पण कड्यांत पीठ असायचं. एकट्या माणसाला तेवढी सोबतही पुरते.

ती सोबत पितृपंधरवड्यात मोडली. साहेबराव आला आणि चहाचा कप तसाच ठेवून म्हणाला, "दाजी, मला ताई सपनात दिसती. ओट्यापाशी उभी, दोन्ही हात पिठानं भरल्याले. म्हणती, सायबू, हात धुवायला कुणी पाणीच घालंना. कार्तिकात वरीस भरतंय. वर्षाच्या आत तिला सोडवा. किती दिवस उभं ठिवणार?"

पुंजारामनं पिठाचं कुणालाच सांगितलं नव्हतं. कैसर उस्तादशिवाय कुणाला ठाऊकही नव्हतं. पहिल्यांदा त्याला कळलं की हे घड्याळ म्हणजे सोबत नव्हे. ती अडकली आहे. आपण रोज सकाळी खुशाल विचारतो बरी हायेस का, आणि ती भरल्या हातानं ताटकळत उभी आहे.

तेव्हापासून तो रोज गच्चीवर एकटा जाऊन ते नाव घ्यायचा प्रयत्न करायला लागला. ओठ जुळायचे, 'प्र' निघायचा आणि पुढचं अक्षर यायचंच नाही. शेजारची पोरं हसायची. ऑक्टोबर संपता संपता काटा पुन्हा साडेपाच तास मागं गेला. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं, मग आठ, मग एक.

आदल्या दिवशी सकाळी आठला काटा साडेपाचवरच होता. दहाच्या सुमाराला पुंजारामनं सहज बघितलं, तर फरक फक्त दीड तासाचा! त्यानं धावत जाऊन शहरांच्या नावांचं घड्याळ काढलं, चष्मा पुसला, बोटानं नावं मोजली. दुबई. तो कपाटासमोरच्या खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. दुपारी तीन वाजता पिवळा काटा बरोबर पंधराच्या आकड्यावर होता. म्हणजे आपल्या वेळेवर. वर्षभरानं घरच्या वेळेवर.

पोरगी ह्या मातीवर उतरली होती.

संध्याकाळी साहेबराव मुक्कामाला आला. त्याला विचारावं, तूच कळवलंस का, ती कुठं उतरली, इथं येणार का परस्पर जाणार? पुंजारामनं चारदा तोंड उघडलं आणि चारदा दुसरंच काहीतरी विचारलं. साहेबरावही मुद्दाम काही बोलला नाही. नाव घ्यायचं ते दाजींनीच, असं त्यानं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेरूळहून गुरुजी आले, विधी झाला, स्वयंपाक झाला. बारा वाजता पान वाढून कावळ्यासाठी गच्चीवर ठेवलं. कावळे आले. कठड्यावर ओळीनं बसले, पैठणला बसले होते तसेच. एकही जवळ येईना. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. कावळे ओरडतसुद्धा नव्हते. गुरुजींनी सुस्कारा टाकला आणि पिशवीत दर्भ शोधायला लागले.

"थांबा," पुंजाराम म्हणाला. निळं घड्याळ त्याच्या मुठीत होतं. ते आज कोमट नव्हतं, चांगलं तापलं होतं. त्यानं ते दुसऱ्या हातात घेतलं, आणि तसं करताना त्याची नजर कठड्यावरून खाली रस्त्यावर गेली.

फाटकाबाहेर एक बाई उभी होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली, चेहरा दिसत नव्हता. हात कडीपाशी होता, पण ती कडी काढत नव्हती. मग तिनं मनगट वर केलं, घड्याळ बघितलं, आणि हात खाली टाकून परत जायला वळली.

वरून नुसता हात हलवून भागलं असतं का? साहेबरावला पाठवून भागलं असतं का? नसतं भागलं. ते पुंजारामला तेव्हा जितकं लख्ख कळलं तितकं नऊ वर्षांत कधी कळलं नव्हतं.

"प्रेरणा!"

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. कॉलनीतल्या चार खिडक्या उघडल्या. "प्रेरणा! माघारी जाऊ नको गं पोरी! हे तुझंच घर हाय!"

मागं पंखांची फडफड झाली. "शिवला!" गुरुजी म्हणाले, आणि साहेबराव लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. पुंजारामनं मागं वळून पाहिलं नाही. तो जिना उतरत होता.

फाटक उघडं होतं. प्रेरणा आत, पायरीपाशी उभी होती. केस थोडे पांढरे झाले होते, चेहरा थेट आईचा. पुंजारामची नजर तिच्या मनगटावर गेली. तेच लेडीज एचएमटी, काचेवर चरा पडलेला. त्यात पाऊण वाजला होता, इथला पाऊण.

"तिकडं बी इथलीच येळ ठिवलीस?"

"बदललीच नाही, अण्णा. हिवाळ्यात उलटं धरलं की तिकडची दिसते." ती रडत हसली. मग मागं वळून फाटकाकडं बघितलं. "मी जायला निघाले होते. पण तुमच्या हाकेच्या आधीच कडी आतून कुणीतरी काढली. घरात कोण बाई आहे?"

"बाई? सगळे गच्चीवर होतो आम्ही."

"मला फटीतून हात दिसला नुसता. 'थांब' अशी खूण केली. पिठानं भरलेला हात होता," प्रेरणा म्हणाली, "आणि कोपरापर्यंत घड्याळं."

प्रेरणा घरातून गेली तेव्हा त्या घरात तसलं एकही घड्याळ नव्हतं. आईच्या हातावरची घड्याळं तिनं कधी बघितलीच नव्हती. पुंजारामनं भिंतीला हात टेकला.

"तो कुठाय?" त्यानं विचारलं. जावयाचं नाव त्याला माहीतच नव्हतं.

"कोपऱ्यावर गाडीत."

"मग बोलाव की त्याला. पानं वाढायची येळ झाली."

साहेबराव गाडीकडं धावला. प्रेरणा हातपाय धुवायला आत गेली. दाराशी क्षणभर अडखळली, मग सरळ आईच्या स्वयंपाकघरात गेली. पुंजाराम अजून भिंतीपाशीच होता, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला.

"अण्णा, नळ कुणी सोडलाय?"

तो आत गेला. ओट्याजवळचा नळ बारीक चालू होता. सिंक पांढऱ्या पाण्यानं भरलं होतं. ज्वारीचं पीठ धुतल्यावर होतं तसलं दाट, पांढरं पाणी, हळूहळू गोल फिरत जाळीतून खाली जात होतं. सबंध वर्षाचं पीठ असावं इतकं ते होतं. दोघं बघत उभे राहिले. पाणी हळूहळू नितळ होत गेलं आणि शेवटी नळातून येतं तसं स्वच्छ झालं.

प्रेरणानं हात पुढं करून नळ बंद केला.

पुंजारामनं मूठ उघडली. निळं घड्याळ बंद पडलं होतं. पट्ट्यात पिठाचा कण नव्हता, आणि त्याची पाठ कुठल्याही लोखंडासारखी गार होती. त्यानं अंगठा ठेवून बराच वेळ वाट बघितली. मग पोरीचा हात ओढून घेतला, एचएमटीच्या वर ते घड्याळ तिच्या मनगटावर घातलं, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून नऊ वर्षांचं सगळं रडून घेतलं.